गल्ल्यावर क्रिप्टोने पैसे घ्यायचे, तर आधी काय सोडवायला हवं

प्रश्न असा आहे: "मी दुकानांसाठी बिलिंग सॉफ्टवेअर बनवतो. माझी गिऱ्हाइकं भारतात आहेत आणि बाहेरही. त्यातल्या काही दुकानदारांना क्रिप्टोने पैसे घ्यायचे आहेत. रोजच्या गिऱ्हाइकाला आणि गल्ल्यावर बसणाऱ्या माणसाला सहज जमेल अशी सोय कशी करावी?"

दुकानांच्या पेमेंटचं काम मी बरीच वर्षं करतो आहे. आधी कार्डची मशीनं, मग क्यूआर, आणि नंतर बिटकॉइन व स्टेबलकॉइन, म्हणजे डॉलरसारख्या चलनाशी भाव बांधलेलं नाणं. त्या अनुभवावरून सरळ सांगतो. या क्षेत्रात जो येतो तो आधी स्क्रीन सोपी करायला बसतो, पण माणसं अडतात ती निर्णयांपाशी. क्रिप्टोने पैसे देणाऱ्याला कुठलं नाणं, कुठलं नेटवर्क, फी किती, भाव कोणता धरायचा आणि व्यवहार पक्का झाला असं कधी म्हणायचं, हे सगळं स्वतः ठरवावं लागतं. यूपीआयने भाजीचे पैसे देताना यातलं काहीच ठरवावं लागत नाही, कारण बँकांनी आणि यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने ते आधीच ठरवून जबाबदारी अंगावर घेतलेली असते. तुमच्या सॉफ्टवेअरला हीच जबाबदारी घ्यावी लागेल. ती घ्यायची तयारी नसेल, तर कितीही सुबक स्क्रीन केली तरी ती सोय पहिल्या आठवड्यानंतर कुणी वापरणार नाही.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण एल साल्वादोरचं आहे, आणि ते नीट पाहण्यासारखं आहे. या देशात 2001 पासून अमेरिकन डॉलर हेच चलन आहे. जून 2021 मध्ये तिथल्या संसदेने बिटकॉइनला अधिकृत चलनाचा दर्जा देणारा कायदा केला आणि 7 सप्टेंबर 2021 पासून तो लागू झाला. सरकारने 'चिवो' नावाचं स्वतःचं वॉलेट, म्हणजे नाणी ठेवायचं आणि पाठवायचं ॲप, काढलं. ते उघडणाऱ्या प्रत्येक नागरिकाला 30 डॉलर दिले, अट एवढीच की ते रोख काढायचे नाहीत, खर्च करायचे. कायद्याच्या 7 व्या कलमाने दुकानदारांना बिटकॉइन घेणं बंधनकारक केलं. भावातल्या चढउताराचा फटका बसू नये म्हणून आलेलं बिटकॉइन लगेच डॉलरमध्ये बदलून देण्याची सोय केली आणि त्यासाठी 15 कोटी डॉलरचा निधी बाजूला ठेवला. आपण सॉफ्टवेअरवाले जे मागू ते सगळं तिथे होतं: फुकट ॲप, हातात सुरुवातीचे पैसे, प्रत्येक दुकानात स्वीकार आणि सरकारची हमी.

तरी काय झालं? पहिल्याच दिवशी क्षमता वाढवण्यासाठी सर्व्हर बंद ठेवावे लागले. पुढच्या काही आठवड्यांत अनेकांना कळलं की आपल्या ओळखपत्राच्या नंबरावर भलत्यानेच खातं उघडून 30 डॉलर उचलले आहेत. फर्नांडो अल्वारेझ, डेव्हिड अर्जेन्टे आणि डायना व्हॅन पॅटन या अर्थतज्ज्ञांनी 2022 च्या सुरुवातीला तिथल्या 1,800 कुटुंबांची पाहणी केली. ज्यांनी चिवो उतरवून घेतलं होतं, त्यांतल्या 60 टक्क्यांहून जास्त लोकांनी ते 30 डॉलर संपल्यावर एकही व्यवहार केला नव्हता. सक्ती असूनही साधारण 20 टक्केच व्यवसाय बिटकॉइन घेत होते. ॲप टिकवून वापरणारे बहुतेक तरुण, शिकलेले, बँकेत खातं असलेले पुरुष होते, म्हणजे ज्यांच्याकडे पैसे द्यायचे दुसरे मार्ग आधीच होते तेच. ज्यांच्यासाठी हे सगळं उभं केलं ते रोखीवरच राहिले. जानेवारी 2025 मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या 1.4 अब्ज डॉलरच्या कर्जाच्या वाटाघाटींनंतर कायदा बदलला आणि बिटकॉइन घेणं ऐच्छिक झालं.

त्याच देशात समुद्रकाठी एल झोंते नावाचं छोटं गाव आहे. तिथे 2019 पासून, म्हणजे कायद्याच्या दोन वर्षं आधीपासून, किनाऱ्यावरच्या दुकानांत बिटकॉइन चालत होतं. गावातल्या मुलांना साफसफाईसारख्या कामाची मजुरी बिटकॉइनमध्ये मिळायची आणि ती मुलं तेच पैसे दुकानात खर्च करायची. गॅलॉय कंपनीने बनवलेल्या वॉलेटमध्ये लांबलचक पत्त्याऐवजी नावाने पैसे पाठवता येत, आणि कुठलं दुकान बिटकॉइन घेतं त्याचा नकाशा ॲपमध्येच होता. पुढे 2022 मध्ये शिल्लक डॉलरच्या मोलाने ठेवायची सोयही त्यात आली. ही दोन उदाहरणं शेजारी ठेवली की मला एक फरक सगळ्यात महत्त्वाचा वाटतो: झोंतेमध्ये पैसे आधी कमाईतून हातात येत होते आणि मग खर्च होत होते. खर्च करण्यासाठी आधी एक्स्चेंजवर, म्हणजे नाण्यांची खरेदी-विक्री चालते तिथे, खातं उघडा, केवायसी करा, नाणं विकत घ्या, मग दुकानात या, असं म्हटलं की रोजचं गिऱ्हाईक तिथेच थांबतं. म्हणून तुमच्या दुकानदारांना पहिला प्रश्न हा विचारा: तुमच्या गिऱ्हाइकांपैकी कुणाच्या हातात हे पैसे आधीपासून आहेत का? नसतील, तर पुढचं काम करण्यात अर्थ नाही.

आता काउंटरवर येऊ.

गल्ल्यावरच्या माणसाने फक्त बिलाची रक्कम टाकायची, आणि तीही तिथल्या चलनात. त्याला 0.00004210 असला आकडा कधीच दिसता कामा नये. बिटकॉइनचे दशांशानंतर आठ अंक असतात, आणि घाईत एखादं शून्य इकडेतिकडे वाचलं जाणं अगदी साहजिक आहे. रक्कम क्यूआरच्या आतच असावी, म्हणजे गिऱ्हाइकाला काही टाइप करावं लागणार नाही. पैसे आल्याची खूण दुकानदाराच्याच उपकरणावर यायला हवी. गिऱ्हाइकाच्या फोनवरची हिरवी टिक पाहून माल देणं किती महागात पडतं, ते यूपीआयच्या खोट्या स्क्रीनशॉटांनी आपल्याकडच्या दुकानदारांना शिकवलं आहे. साउंडबॉक्स आपल्याकडे दुकानोदुकानी पोचला त्याचं कारण हेच: हातात तराजू धरून दुकानदाराला ऐकू येतं, पाहायला त्याला फुरसत नसते. क्रिप्टोच्या सोयीलाही आवाज द्या, मराठीत, कन्नडमध्ये, स्पॅनिशमध्ये, जिथे जी भाषा असेल तीत.

बिटकॉइनच्या मुख्य साखळीवर, म्हणजे सगळे व्यवहार नोंदवणाऱ्या सामाईक वहीत, व्यवहारांचा एक गठ्ठा (ब्लॉक) सरासरी 10 मिनिटांनी येतो, त्यामुळे दुकानासाठी लाइटनिंग हे त्या साखळीच्या वर बांधलेलं झटपट जाळंच हवं. लाइटनिंगमध्ये दोन टोकांमध्ये एक चॅनल असतं, त्यात पैसे आधीच अडकवून ठेवलेले असतात आणि व्यवहार म्हणजे त्या चॅनलातली वाटणी बदलणं. दुकानाचं उपकरण एक गुप्त संख्या तयार करतं आणि तिचा हॅश, म्हणजे तिच्यावरून काढलेली पण उलट ओळखता न येणारी खूण, बिलात घालतं. पैसे वाटेतल्या नोड्सकडून (जाळ्यातल्या संगणकांकडून) दुकानापर्यंत आले की ती गुप्त संख्या उलट्या वाटेने गिऱ्हाइकाच्या वॉलेटपर्यंत जाते, आणि तीच त्याची पावती होते. हे सगळं काही सेकंदांत उरकतं.

पण यात एक गोष्ट आहे जी प्रात्यक्षिकात कधी दिसत नाही आणि दुकानात पहिल्याच शनिवारी संध्याकाळी दिसते. चॅनलमधून 100 डॉलर घ्यायचे असतील, तर समोरच्या टोकाला आधी 100 डॉलर असावे लागतात. नव्या दुकानदाराने स्वतःचे पैसे घालून चॅनल उघडलं, तर त्याला त्यातून पैसे पाठवता येतात, घेता येत नाहीत. दुकानाला तर घ्यायचेच असतात. मग सकाळची छोटी बिलं जातात, आणि संध्याकाळी मोठं बिल आलं की चॅनलाची घेण्याची क्षमता संपलेली असते. गिऱ्हाइकाच्या फोनवर 'रूट सापडला नाही' असं येतं. चूक दोघांपैकी कुणाचीच नसते, पण रांगेतल्या सगळ्यांदेखत फजिती मात्र दोघांची होते. यावर उपाय म्हणजे समोरच्या टोकाला आपलं भांडवल ठेवणारी सेवा घेणं. ती पुरवणारे त्याची फी घेतात, आणि ती घ्यायलाच हवी, कारण त्यांचे पैसे अडकून पडतात. दुसरा भाग असा की दुकानात जमलेली रक्कम रोज रात्री स्थानिक चलनात बदलून त्याच्या बँक खात्यात पाठवायची. ती त्याच चॅनलमधून बाहेर गेली की घेण्याची क्षमता पुन्हा मोकळी होते. दुकानदाराला पैसे बँकेत हवेच असतात, त्यामुळे दोन्ही कामं एकदम होतात. छोट्या दुकानांसाठी माझं स्पष्ट मत आहे की त्यांनी स्वतःचा नोड चालवूच नये, पेमेंट हाताळणाऱ्या एखाद्या चांगल्या कंपनीकडून हे करून घ्यावं. बीटीसीपे सर्व्हर हे मोफत सॉफ्टवेअर उत्तम आहे, पण ज्याच्याकडे सर्व्हर सांभाळणारा माणूस आहे त्याच्यासाठी.

मुख्य साखळीवरून पैसे घ्यायची वेळ आलीच, तर एक अडचण लक्षात ठेवा. गिऱ्हाईक बऱ्याचदा एक्स्चेंजमधून थेट पैसे पाठवतं, आणि काही एक्स्चेंज आपली फी त्याच रकमेतून कापून घेतात. बिल 100 डॉलरचं, पोचले 98. सॉफ्टवेअरला वाटतं बिल अपुरं आहे, गिऱ्हाइकाला वाटतं आपण पूर्ण पैसे दिले. उरलेले दोन डॉलर पाठवायला पुन्हा फी पडते. स्टीम या संगणक-खेळांच्या ऑनलाइन दुकानाने डिसेंबर 2017 मध्ये बिटकॉइन घेणं बंद केलं, तेव्हा त्यांनी दिलेलं कारण याच जातीचं होतं. सुरुवातीला व्यवहाराची फी सुमारे 20 सेंट होती, ती जवळपास 20 डॉलरवर गेली होती. व्यवहार पक्का व्हायच्या आत भाव बदलला तर उरलेली रक्कम मागावी लागे, आणि तिच्यावर गिऱ्हाइकाला पुन्हा तेवढीच फी पडे. म्हणून बिलात थोडी तूट चालवून घ्यायची मर्यादा ठेवा, एक-दोन टक्के, आणि ती दुकानदाराला ठरवू द्या. भाव किती वेळ धरून ठेवायचा हाही याच्याशी जोडलेला प्रश्न आहे. साखळीवरच्या व्यवहारासाठी 15 मिनिटांची मुदत रूढ आहे. तेवढ्या वेळात भाव हलला तर त्याचा भार कुणीतरी सोसतो, आणि तो कोण ते करारात आधी लिहिलेलं असावं. लाइटनिंगवर एक-दोन मिनिटं पुरतात.

स्टेबलकॉइनबद्दल माझं मत गेल्या काही वर्षांत अनुकूल झालं आहे, कारण भावाचा प्रश्नच बराचसा मिटतो. पण यूएसडीटी हे डॉलरशी बांधलेलं एकच नाणं ट्रॉन या साखळीवर आहे, इथेरियमवर आहे, सोलानावर आहे, आणखीही साखळ्यांवर आहे. त्यातून इथेरियम आणि तिच्या धर्तीवरच्या बऱ्याच साखळ्यांचे पत्ते सारखेच दिसतात. त्यामुळे पत्ता बरोबर आणि साखळी भलतीच, असं होऊ शकतं. गिऱ्हाइकाला यादी दाखवून 'नेटवर्क निवडा' म्हणू नका. एका क्यूआरला एकच नेटवर्क, आणि ते तुम्ही ठरवायचं. दुसरा त्रास फीचा: वॉलेटमध्ये 50 यूएसडीसी (असंच दुसरं स्टेबलकॉइन) आहेत, पण फी भरायला इथर हे इथेरियमचं स्वतःचं नाणं नाही, म्हणून एक पैसाही हलत नाही. सामान्य माणसाला हे समजावून सांगता येत नाही, आणि समजावायची वेळच येऊ देऊ नये. 2023 पासून इथेरियमवर अशी सोय आहे की ही फी दुसरा कुणी भरू शकतो किंवा ती त्याच नाण्यातून कापता येते. ती वापरा, आणि फी दुकानदाराच्या महिन्याच्या हिशेबात दाखवा.

दुकानदारांशी बोलताना मला सगळ्यात जास्त प्रश्न परताव्याबद्दल येतात, आणि नेमका तोच भाग सॉफ्टवेअरमध्ये शेवटी जोडलेला असतो. क्रिप्टोचा व्यवहार उलटवता येत नाही, त्यामुळे परतावा म्हणजे नवा व्यवहार. तो कुठे पाठवायचा? ज्या पत्त्यावरून पैसे आले त्यावर पाठवला, तर तो पत्ता बहुधा एक्स्चेंजच्या सामाईक वॉलेटचा निघतो आणि पैसे गिऱ्हाइकाच्या खात्यात कधीच जमा होत नाहीत. म्हणून परताव्याच्या वेळी गिऱ्हाइकाकडून नवा क्यूआर किंवा लाइटनिंग पत्ता घ्यायचा. रक्कम स्थानिक चलनात धरायची: शर्ट 25 डॉलरला घेतला होता, तर आजच्या भावाने 25 डॉलरचं नाणं परत. हा नियम पावतीवर छापा. भाव वाढल्यावर 'मला माझं तेवढंच नाणं द्या' असं म्हणणारं गिऱ्हाईक येणारच, आणि तेव्हा दुकानदाराच्या हातात छापील ओळ असायला हवी.

गल्ल्यावरच्या उपकरणाला पैसे घेता यावेत, पाठवता येऊ नयेत. किल्ली, म्हणजे पैसे खर्च करू देणारा गुप्त आकडा, मालकाकडे राहावी आणि परताव्याला त्याचा पिन लागावा. मुख्य साखळीवर हे सहज जमतं, कारण सार्वजनिक किल्लीवरून प्रत्येक बिलाला नवा पत्ता काढता येतो आणि खर्च करायची किल्ली त्या उपकरणात लागतच नाही. नोकर बदलला, टॅबलेट चोरीला गेला, तरी पैसे सुरक्षित. संध्याकाळच्या हिशेबात प्रत्येक बिलासमोर स्थानिक रक्कम, त्या क्षणाचा भाव, फी आणि बँकेत जमा झालेली रक्कम असे वेगळे रकाने लागतात. फी मुकाट्याने रकमेतून वळती केली की रोजमेळ जुळत नाही, आणि मेळ जुळला नाही की दुकानदार ती सोय बंद करतो.

गिऱ्हाइकाच्या किल्लीचं काय? किल्ली परत मिळवून देणारे 12 किंवा 24 शब्द कागदावर लिहून जपा, हा सल्ला बचतीसाठी योग्य आहे, पण दूध-पावासाठी तो फार जड आहे. घरातली तिजोरी आणि खिशातलं पाकीट आपण वेगळं ठेवतो, तसंच इथेही करावं. खर्चाच्या वॉलेटमध्ये थोडीच रक्कम, तिची किल्ली फोनच्या बोटांच्या ठशाआड आणि एन्क्रिप्ट केलेल्या बॅकअपमध्ये. फोन हरवला तरी नव्या फोनवर काही मिनिटांत सगळं परत मिळालं पाहिजे. ज्याने पाकीट हरवल्यावर कधी बारा शब्द शोधले नाहीत, तो इथेही शोधणार नाही.

आता तुमच्या भारतातल्या दुकानदारांबद्दल. इथे माझं उत्तर वेगळं आहे: काउंटरवर ही सोय देऊ नका. 1 एप्रिल 2022 पासून क्रिप्टोसारख्या मालमत्तेच्या नफ्यावर 30 टक्के कर आहे आणि तोटा दुसरीकडे वळता करता येत नाही. 1 जुलै 2022 पासून ठरावीक मर्यादेवरच्या व्यवहारांवर 1 टक्का टीडीएस आहे. क्रिप्टो देऊन चप्पल घेतली तरी ते हस्तांतरण धरलं जातं, म्हणजे गिऱ्हाइकाला त्या नाण्याची मूळ खरेदी किंमत शोधून नफा काढायला हवा. आणि माल देऊन क्रिप्टो घेणारा दुकानदार कायद्याच्या नजरेत ती मालमत्ता विकत घेणारा ठरतो, त्यामुळे मर्यादा ओलांडली की टीडीएसची जबाबदारी त्याच्याकडे येते. सर्वोच्च न्यायालयाने 4 मार्च 2020 रोजी बँकांना क्रिप्टोचे व्यवहार हाताळायला मनाई करणारं रिझर्व्ह बँकेचं 2018 चं परिपत्रक रद्द केलं, त्यामुळे व्यवहार बेकायदा नाही, पण एवढ्याने गल्ला सोपा होत नाही. शिवाय समोर यूपीआय उभं आहे, जे गिऱ्हाइकाला फुकट आहे आणि बँक खात्यातून आलेल्या पैशांवर जानेवारी 2020 पासून दुकानदारालाही शुल्क नाही. या जागी क्रिप्टोने सोडवायचा प्रश्नच शिल्लक नाही. रिझर्व्ह बँकेचा ई-रुपया क्रिप्टो नाही, पण त्यातून एक गोष्ट घेण्यासारखी आहे: तो दुकानात आधीच चिकटवलेल्या यूपीआयच्या क्यूआरवरच चालतो. दुकानदाराला काचेवर आणखी एक स्टिकर लावावं लागत नाही.

म्हणून सुरुवात भारताबाहेरच्या दुकानांपासून करा, जिथे पर्यटक येतात, कार्डची फी जड पडते किंवा गिऱ्हाइकांना परदेशातून नात्यातली माणसं पैसे पाठवतात. दक्षिण आफ्रिकेतल्या पिक एन पे या किराणा साखळीने 2022 मध्ये मोजक्या दुकानांत चाचणी घेऊन 2023 मध्ये सगळ्या दुकानांत ही सोय नेली. तिथे किंमत रँडमध्येच दिसते आणि गिऱ्हाईक लाइटनिंग वॉलेटने क्यूआर स्कॅन करतं. ती मांडणी जाऊन पाहता आली तर जरूर पाहा.

पहिलं दुकान निवडताना मालक स्वतः गल्ल्यावर बसतो असं घ्या. सोय सुरू करण्याआधी त्याच्यासमोर एक पूर्ण परतावा करून दाखवा, मग एक अपुरं बिल, मग नेट तुटलेलं असताना एक बिल. महिना संपला की त्याच्या हिशेबनीसासोबत बसून तुमचा अहवाल एकेक ओळ करून वाचा. त्याला हवा असलेला जो रकाना सापडला नाही, तो दुसऱ्या दुकानात जाण्याआधी घाला.